विकतची मिरास

जाहिरातीचे पत्रक हाही एक वाङ्मयप्रकार आहे, ही गोष्ट आपल्या टीकाकारांनी अजून म्हणावी तशी मनावर घेतलेली नाही. कादंबरीच्या हजार प्रती खपल्या तर लेखक पेढे वाटतो. पत्रके मात्र लाखांनी निघतात, घरोघर पोचतात, आणि विशेष म्हणजे ती वाचून माणसे खरोखरच काही करतात. जे वाङ्मय वाचून माणूस शेत विकतो, ठेवी मोडतो आणि प्रसंगी देश बदलतो, त्याचे परीक्षण करायचे नाही, तर मग कशाचे करायचे? कवितासंग्रहांची आणि कादंबऱ्यांची परीक्षणे दिवाळी अंकांतून येतातच. यंदा मी एका पत्रकाचे परीक्षण करायला घेतले आहे.

पत्रक माझ्याकडे आले ते एका पालकाकडून. चाकणच्या बाजूला त्यांची थोडी शेती होती, ती कारखान्यांच्या वाटेत आली. आलेल्या पैशातून त्यांनी भोसरीत गाळा घेतला, चार लेथ टाकल्या, आणि आज मोटारींना लागणारे सुटे भाग ते पुरवतात. मुलगा माझ्या हाताखाली शिकून आता पुढे गेला आहे. "गुरुजी, तुम्ही पुस्तके लिहिता," ते म्हणाले, "एवढे वाचून सांगा, ह्यात खरे किती?" मी कायद्याचा पंडित नव्हे, माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. परंतु वीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो आहे आणि तितकीच वर्षे गोष्टी रचतो आहे. पत्रकात ह्या दोन्ही विषयांची सरमिसळ होती, म्हणून मी ते वाचायला घेतले.

प्रथम कथानक पाहू. पत्रकाचा नायक एक यशस्वी कुटुंबप्रमुख आहे. तो कष्टाळू आहे, दूरदर्शी आहे, मुलाबाळांवर त्याची माया आहे. थोडक्यात, पत्रक ज्याच्या हाती पडेल त्याला तो आपणच आहोत असे वाटावे, अशी योजना आहे. ह्या नायकाच्या वाटेत एक खलनायक उभा आहे : परदेशी वकिलातीपुढची रांग. मग एक बेट प्रकट होते. निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची झाडे. आणि त्या चित्राखाली एक आकडा. तो आकडा भरला की काही महिन्यांत नायकाच्या हाती नवा पासपोर्ट येतो, रांग नाहीशी होते आणि सारे कुटुंब विमानाच्या शिडीवर हसत उभे राहते. ह्या व्यवहाराला पत्रकाने नाव दिले आहे 'दुसरे नागरिकत्व'.

गोड शेवटाला माझा विरोध नाही; दिवाळीच्या दिवसांत तर नाहीच. परंतु ह्या गोष्टीतली मोठी उणीव अशी की बेटावर एकही माणूस नाही. वाळू आहे, माड आहेत. पण तिथे मासे धरणारा, शाळेत जाणारा, मत देणारा, आजारी पडणारा कुणी नाही. ज्यांच्या पंक्तीला आपण बसायचे, त्यांचे तोंडही न दाखवता आपले पान मांडले जाते. नवशिक्या कादंबरीकाराने असे केले असते तर ते आपण चालवून घेतले असते. इथे मात्र ती माणसे विसरलेली नाहीत, मुद्दाम गाळलेली आहेत. म्हणून आधी ती माणसे पाहू.

सेंट किट्स आणि नेव्हिस हा कॅरिबियन समुद्रातला देश १९८३ साली ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला, आणि १९८४ सालीच त्याने पैसा गुंतवणाऱ्या परक्याला नागरिकत्व देण्याची सोय कायद्यात केली. आज जगात चाललेल्या ह्या व्यवहाराची सुरुवात तिथली. देशाची वस्ती सुमारे पन्नास हजार. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती. म्हणजे आपल्या महापालिकेच्या एकदोन प्रभागांत हा अख्खा देश मावेल. तिथला जुना धंदा उसाचा. तीनशे वर्षांहून अधिक काळ, आणि त्यातली कितीतरी वर्षे गुलामांच्या अंगमेहनतीवर, तिथे साखर निघाली. तोटा सोसवेना, तेव्हा २००५ साली सरकारने तो उद्योग कायमचा बंद केला. पुढच्याच वर्षी, साखरेवाचून उघड्या पडलेल्या देशाला दुसरा आधार शोधण्यासाठी एक निधी काढण्यात आला, आणि नागरिकत्व घेऊ पाहणाऱ्यांचे पैसे त्यात जमा होऊ लागले. साखर कारखाना बंद पडला म्हणजे पंचक्रोशीचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला मी काय सांगावे?

शेजारच्या डोमिनिकाने १९९३ साली हीच वाट धरली. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया नावाच्या चक्रीवादळाने त्या देशाचे जे नुकसान झाले, ते त्याच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होते. त्यानंतर वादळात टिकतील अशी घरे बांधायला नागरिकत्वाचाच पैसा कामी आला. तेव्हा विकणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. घरातले सगळे विकून झाल्यावर माणूस घराण्याचे नाव विकायला काढतो, त्यात त्याची हौस नसते. माझी तक्रार आहे ती मधल्या दलालाच्या गोष्टीबद्दल आणि घेणाऱ्याच्या समजुतीबद्दल.

आता किंमत. २०२४ साली अँटिग्वा आणि बारबुडा, डोमिनिका, ग्रेनाडा व सेंट किट्स ह्या चार देशांनी आपसात ठरवून, २ लाख अमेरिकी डॉलरांच्या खाली कुणी जायचे नाही असा करार केला. आपल्या रुपयांत ही रक्कम पावणेदोन कोटींच्या आसपास जाते. वकिलांची आणि दलालांची फी निराळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला वर्षाकाठी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. पत्रकात ह्या दोन्ही आकड्यांचा मेळ मोठ्या खुबीने घातलेला आहे. चाकणच्या रस्त्याकडेची काही गुंठे जमीन विकली की एवढा पैसा उभा राहतो. म्हणूनच हे पत्रक मुंबईच्या हिरेव्यापाऱ्याचे घर सोडून भोसरीच्या गाळ्यापर्यंत आले आहे.

त्या पालकांना मी सांगितले की पत्रकातले आकडे बहुतेक सगळे खरे आहेत. खोटा आहे तो एकच शब्द, आणि तो म्हणजे 'दुसरे'. आपल्या राज्यघटनेचे नववे कलम सांगते की स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहणार नाही. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याचेही नववेच कलम तीच गोष्ट पुढच्या काळासाठी पक्की करते. भारतीयाला एकाच वेळी दोन नागरिकत्वे ठेवता येत नाहीत. दुसरे घेतले की पहिले गेले. ते परत केले नाही म्हणून राहत नाही, आणि कुणाला कळले नाही म्हणूनही राहत नाही. हे 'दुसरे' म्हणजे दुसरे घर नव्हे, दुसरे लग्न आहे; आणि ते पहिले मोडल्यावाचून होत नाही. पत्रकात हा मजकूर शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, "स्थानिक कायद्यांचा सल्ला घ्यावा" एवढ्याच शब्दांत आला आहे.

कुणी म्हणेल, पण ते ओसीआय कार्ड असते ना? असते. २००६ पासून परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला ते मिळू लागले. त्याच्या बळावर इथे हवे तेव्हा येता येते, राहता येते, व्यवसाय करता येतो. परंतु मत देता येत नाही, निवडणुकीला उभे राहता येत नाही. आणि आपल्या भागातल्या माणसाला सर्वांत झोंबावी अशी गोष्ट म्हणजे शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारशाने आली तर गोष्ट वेगळी; पण स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गावात, स्वतःच्या बांधाला लागून असलेला तुकडा घेता येणार नाही. खेड तालुक्यातला शेतकरी सातबाऱ्यावरच्या एका ओळीसाठी भावाशी वीस वीस वर्षे कज्जा लढतो. त्याच्याच मुलाला पत्रक सांगते आहे की, ही सही कर, बाकी काही बदलणार नाही!

ह्या बाबतीत आपल्याला शेजारच्या गोव्याकडे पाहता येईल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या दप्तरी जन्माची नोंद करून तिथले नागरिकत्व मिळवता आले, आणि हजारो गोवेकरांनी ते मिळवले. तिथे पैशाचा सौदा नव्हता, वंशाचा हक्क होता. तरीही पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीयत्व गेले ते गेलेच. पुढे गावच्या मतदारयादीत नाव राहिले की नाही ह्यावरून कितीक घरांत आणि कचेऱ्यांत वाद झाले.

येथवर मी पत्रकाचे दोष सांगितले. आता त्याची बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर टीका एकतर्फी होईल. आपल्या पट्ट्यातल्या कारखानदाराची अडचण खोटी नाही. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीजही तिथे आली. जर्मन भांडवलाला भूखंड मिळाला, रस्ता मिळाला, पाणी मिळाले; त्याला कुणी रांगेत उभे केले नाही. उलट त्याच मोटारींसाठी सुटे भाग करणारा इथला माणूस यंत्रे पाहायला जर्मनीला निघाला, की त्याने बँकेचे उतारे, आयकराचे कागद, परत येण्याची हमी असे सारे घेऊन उभे राहायचे, आणि प्रदर्शन उरकल्यावर व्हिसा हाती यायचा. ह्या अपमानाची चीड यावी हे योग्यच आहे. शिवाय कुणाचा मुलगा परदेशात शिकतो आहे, कुणाला इथल्या हवेची आणि पाण्याची काळजी आहे. २०२२ साली २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. २०२४ साली २ लाख ६ हजार ३७८ जणांनी. ह्यांतले बहुतेक लोक परदेशी जाऊन, वर्षानुवर्षे नोकरी करून, कर भरून, मुले वाढवून तिथले झाले. त्यांना मी दोष देत नाही. जो जिथे राहतो-खपतो, तिथला होतो. पिंपरी-चिंचवड तर अशाच बाहेरून आलेल्यांनी भरले आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहू लागला, पाठोपाठ मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, तेव्हापासून मराठवाड्यातून, खानदेशातून, केरळातून, बिहारातून माणसे येत गेली आणि इथली होत गेली. प्रश्न आहे तो न राहता, न खपता 'तिथले' होण्याचा.

अशा नागरिकत्वाचे काय होते, हे गेल्या काही वर्षांत पुष्कळ दिसले. त्या पासपोर्टची सगळी किंमत तिसऱ्याच्या दारावर ठरते, आणि दार लावणे तिसऱ्याच्या हातात असते. सेंट किट्सच्या लोकांना कॅनडाने २०१४ साली व्हिसा सक्तीचा केला, अँटिग्वाच्या लोकांना २०१७ साली. ब्रिटनने २०२३ साली डोमिनिका आणि वानुआतू ह्यांच्यासाठी तेच केले. वानुआतूची युरोपातली सवलत २०२४ च्या अखेरीस कायमची गेली. प्रत्येक वेळी कारण एकच : पासपोर्ट फार सैल हाताने विकले गेले. घेणाऱ्याचे पैसे बुडाले हे सोडून द्या. पण बेटावरच्या ज्या मास्तरणीने कुणालाच काही विकले नव्हते, तिलाही आता रांगेत उभे राहणे आले. आपली रांग चुकवण्यासाठी आपण जो पैसा दिला, त्याने दुसऱ्याला रांगेत उभे केले. पत्रकात ही बाई कुठेच नाही, हे मघाशी म्हटलेच आहे.

पत्रकाला ज्याचे नाव घेण्याची लाज वाटावी, असाही एक ग्राहक महाराष्ट्राने पाहिला. मुंबईचे जवाहिरे मेहुल चोक्सी ह्यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये अँटिग्वाचे नागरिकत्व मिळाले. जानेवारी २०१८ च्या आरंभी ते भारताबाहेर पडले आणि त्याच महिन्यात त्यांनी तिथे शपथ घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेतले तेरा हजार कोटींच्या वरचे प्रकरण बाहेर आले. आरोप ते नाकारतात आणि त्यांचा निकाल न्यायालय करील. पुढे २०२१ साली डोमिनिकात आणि २०२५ साली बेल्जियममध्ये त्यांना अटक झाली. मला दाखवायचे आहे ते इतकेच की, सरळ माणूस ज्या दुकानातून रांग चुकवण्याचे साधन घेतो, तिथेच पळवाट शोधणाराही गिऱ्हाईक असतो. आणि दोघांच्या पासपोर्टचा रंग एकच असल्यामुळे सीमेवरचा शिपाई दोघांकडे सारख्याच संशयाने पाहू लागतो.

मग पैसे देऊन कुठल्याही समाजात शिरणे मुळातच वाईट, असे मला म्हणायचे आहे काय? नाही. ह्या ठिकाणी आपल्याच गावगाड्याची आठवण केली पाहिजे. पेशवाईअखेरपर्यंत महाराष्ट्रातल्या गावात कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गावच्या बैठकीत त्याला बसायला जागा, त्याच्या शब्दाला वजन, काही पट्ट्यांतून त्याला सूट. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, सालाच्या बोलीने कसणारा. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात ह्या दोघांचे वर्णन आहे. उपऱ्याने उपरीच राहावे असा दंडक मात्र नव्हता. एखादे कुळ नाहीसे झाले की त्याची गतकुळी जमीन गाव आणि पाटील मिळून नव्या माणसाला पैसे घेऊन मिरास करून देत. म्हणजे आजच्या भाषेत, गुंतवणुकीच्या मार्गाने नागरिकत्व!

पण त्या सौद्याच्या अटी पाहा. मिरासपत्र होई ते गावाच्या साक्षीने. ज्यांच्यात जायचे त्यांच्या तोंडावर. घेणाऱ्याने तिथे राहायचे, कसायचे. पीक येवो न येवो, जमीन पडीक राहो, सारा चुकत नसे. दुष्काळात उपरी बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी जाऊ शके, मिरासदाराला गावाबरोबर भोगावे लागे. गावखर्चाचा वाटा त्याच्या शिरावर येई. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला तिने पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले, हे विसरून तिचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु मिरास विकणाऱ्या त्या गावालाही एक गोष्ट कळत होती : पैसा हा आत येण्याचा दाखला असू शकतो, पण नाते टिकते ते भार उचलण्याने. अँटिग्वाच्या योजनेत आरंभी पाच वर्षांत ३५ दिवस राहण्याची अट होती. ती पुढे ५ दिवसांवर आणली गेली. पाच वर्षांत पाच दिवस! इतका मुक्काम तर आपल्याकडे लग्नाला आलेला पाहुणाही करतो, आणि जाताना पंगत वाढायला हात तरी लावतो. ही विकतची मिरास आहे, पण तिच्यातून सारा आणि दुष्काळ दोन्ही वगळले आहेत.

आता वाङ्मयाकडे वळतो. १९३९ ह्या एकाच वर्षी घडलेल्या दोन गोष्टी मला नेहमी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. त्या वर्षी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट. तिच्यावर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण, आणि हॅर्टा ही जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. बोट थोड्या दिवसांची आणि प्रेमही तितक्याच दिवसांचे. चक्रधरला मुंबईला उतरायचे ठिकाण आहे. हॅर्टाला आपला म्हणणारा देश उरलेला नाही. कादंबरीचा शेवट वाचकांना ठाऊक आहे. समुद्राखेरीज कुणी तिला जागा दिली नाही. ह्या पुस्तकाला आपण प्रेमकथा म्हणून नावाजतो. मला ती मराठीतली नागरिकत्वावरची पहिली थोर कादंबरी वाटते. माणसाजवळ रूप आहे, बुद्धी आहे, जीव लावण्याची शक्ती आहे. फक्त कुठल्याही देशाने 'ही आमची' म्हणण्याचे नाकारले आहे. एवढ्या एका नकाराने माणूस किती उघडा पडतो, हे बेडेकरांनी नागरिकशास्त्राचा एक शब्द न वापरता दाखवले.

त्याच १९३९ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध पेटून महिना उलटल्यावर, फ्रीडरिश नॉटेबोम नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने युरोपातल्या लिख्टेनश्टाइन ह्या चिमुकल्या देशाचे नागरिकत्व मागितले. १९०५ पासून त्याचा धंदा आणि वास्तव्य मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात होते. लिख्टेनश्टाइनच्या एका गावाला २५ हजार आणि सरकारला साडेबारा हजार स्विस फ्रँक भरून, तीन वर्षे राहण्याची अट माफ करून घेऊन, थोड्याच दिवसांत तो तिथला नागरिक झाला आणि ग्वाटेमालाला परतला. १९४३ साली ग्वाटेमालाने त्याला शत्रूराष्ट्राचा माणूस म्हणून धरले. १९४६ पर्यंत तो अमेरिकेत स्थानबद्ध राहिला, आणि त्याची मालमत्ता गेली. लिख्टेनश्टाइनने त्याच्यासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. ६ एप्रिल १९५५ रोजी निकाल लागला : ज्या देशाशी माणसाच्या जगण्याचा खरा संबंध नाही, त्या देशाच्या नावावर दुसऱ्या देशाकडे दाद मागता येणार नाही. ह्या निकालावर पुढे कायदेपंडितांनी पुष्कळ आक्षेप घेतले, पण त्यातला प्रश्न मिटला नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने माल्टाची नागरिकत्व विकण्याची योजना बेकायदा ठरवली, तेव्हा जवळपास तेच सांगितले की, नागरिक आणि राज्य ह्यांतले नाते परस्परांच्या विश्वासाचे असते, ते देण्याघेण्याचा सौदा होऊ शकत नाही.

एकीकडे कागद नसलेली हॅर्टा, दुसरीकडे कागद विकत घेतलेला नॉटेबोम. पहिलीविषयी आपल्या डोळ्यांत पाणी येते, दुसऱ्याविषयी येत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. पण दोघांनाही बुडवले ते एकाच गोष्टीने : संकटाच्या घटकेला 'हा आमच्यातला' म्हणून पुढे येणारी माणसे त्यांच्या पाठीशी नव्हती. हॅर्टाच्या देशाने तिला टाकले होते. नॉटेबोमच्या देशाने त्याच्यासाठी दावा लावला खरा, पण त्या देशात त्याला ओळखणारे कुणी शेजारी नव्हते. कागद ही त्या ओळखीची पावती असते. ओळखच नसेल, तर पावती किती दिवस चालणार?

ही गोष्ट समजायला आपल्याला हेगला जाण्याची गरज नाही. पिंपरी कॅम्पात गेले तरी पुरे. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे तिथे वसवली गेली. घरे, दुकाने, शेती सारे मागे टाकून ती आली होती. घटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ ही तारीख ठरवली. त्याआधी येऊन इथे राहिलेले नागरिक मानले गेले, नंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नाव नोंदवावे लागले. ज्यांनी काहीच भरले नाही, कारण भरायला काही उरलेच नव्हते, त्यांनी ह्या देशाचे नागरिकत्व राहून आणि राबून मिळवले. बराकीपुढच्या फळकुटावर मांडलेल्या वस्तूंतून बाजारपेठ उभी राहिली. आज भोसरीचा कामगार दिवाळीच्या कपड्यांची खरेदी त्याच पेठेत करतो, आणि दुकानदार त्याच्याशी मराठीत घासाघीस करतो.

ती कहाणी संपलेलीही नाही. पाकिस्तानातून पुढेही सिंधी कुटुंबे येत राहिली, वर्षानुवर्षे परवान्यावर राहिली. २०१६ साली केंद्र सरकारने शेजारच्या मुसलमानी देशांतून आलेल्या अल्पसंख्याकांसाठी नोंदणीची फी १०० रुपयांवर आणली आणि पुण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यातून जे कायदे आणि वाद पुढे उद्भवले, त्यांत इथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की, ज्या कागदासाठी एका घरातली म्हातारी दहादहा वर्षे हेलपाटे घालते आणि मिळाल्यावर देव्हाऱ्यात ठेवते, तोच कागद दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या घरात 'अडचणीचा' म्हणून टाकायला काढलेला असतो. नागरिकत्वाची किंमत खरोखर किती, ह्याचे उत्तर पत्रकातल्या डॉलरांत नाही. ते ह्या दोन घरांमधल्या अंतरात आहे. माझ्या कादंबरीकार मित्रांना मी सुचवीन की, गाव सोडणाऱ्याच्या व्याकुळतेवर आपण उदंड लिहिले. आता ह्या दोन घरांवर कुणी लिहावे.

आणि ज्या कुटुंबांच्या घरी हे पत्रक पोचले असेल, त्यांना माझी विनंती अशी की, त्याचा निकाल एकट्या कर्त्या पुरुषाने लावू नये. दिवाळीत चार माणसे घरी जमतात. त्यांच्यासमोर ते मोठ्याने वाचावे, आणि त्याच्या सोबत राज्यघटनेचे नववे कलमही वाचावे. ते एका वाक्याचे आहे. मग प्रत्येकाने तीन गोष्टींची उत्तरे द्यावीत : तिथे राहायला कोण जाणार आहे? तिथे वादळ झाले तर आपण काय देणार आहोत? आणि इथल्या निवडणुकीत, इथल्या बांधावर, इथल्या ग्रामसभेत आपली जागा रिकामी झाली तर चालेल का? ह्या तिन्हींची उत्तरे मनापासून होकाराची आली, तर ते कुटुंब खुशाल जावो. ते नागरिकत्व विकत घेत नसून खरोखरच देश बदलत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. उत्तरे देताना घरात शांतता पसरली, तर मात्र पावणेदोन कोटींत भोसरीच्या गाळ्यात आणखी दहा माणसांना काम देता येते, हेही त्याच बैठकीत कुणीतरी बोलून दाखवावे.